मत्स्यगंधा, पुन्हा एकदा

नमस्कार श्रोतेहो.

दोन पावसाळ्यांपूर्वी मी एक विज्ञानकथा लिहिली आणि तिला नाव दिलं ‘मत्स्यगंधा’. मावशीला सांगितलं तेव्हा ती बांगडे साफ करत बसली होती. मान वर करून म्हणाली, “आनी पदां खंय?”

तिचं काय चुकलं? हे नाव घेतलं की गोव्यात आधी रामदास कामतांचा आवाज कानात येतो. वसंत कानेटकरांचं १९६४ सालचं संगीत नाटक, गोवा हिंदू असोसिएशननं रंगभूमीवर आणलेलं, चाली आपल्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या. जत्रेत ‘गुंतता हृदय हे’ सुरू झालं की मांडवाच्या कडेला चणे खात उभे असलेलेसुद्धा पुढे सरकतात. असल्या नावाला हात घालायचा म्हणजे दुसऱ्याच्या तंबोऱ्यावर आपलं गाणं म्हणायचं.

कायद्याची आडकाठी नव्हती. ‘देसी बॉईज’ या चित्रपटाच्या नावावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली सांगितलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. प्रसिद्ध नाव लावून गिऱ्हाइकाला फसवलं तर गोष्ट वेगळी. आणि फसतं तरी कोण? मडगावला थांबणारी मत्स्यगंधा एक्सप्रेस रोज धावते; तिच्यात पराशर ऋषी भेटतील म्हणून कुणी तिकीट काढत नाही.

विज्ञानकथेच्या गोतात तर हे जुनंच आहे. आयझॅक आसिमॉव्हचं ‘आय, रोबॉट’ १९५० साली आलं. पण त्याच नावाची कथा १९३९ मध्येच छापून आली होती, ईआंडो बाइंडर या टोपणनावानं लिहिणाऱ्या दोघा भावांची. आसिमॉव्हनं प्रकाशकाला तसं सांगितलंही. त्याच्या मनात ‘माइंड अँड आयर्न’ होतं. प्रकाशक ऐकेना. आज बाइंडर बंधूंचं नाव किती जणांना आठवतं? मला त्यात थोडा अन्यायच वाटतो. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’मध्ये वामनाचं नाव यंत्रमानवाला दिलं. पुराणातला बटू पाताळाला धाडतो हे वाचकाला ठाऊकच असतं, त्यामुळे नुसतं नाव वाचलं तरी अंगावर काटा येतो. लेखकाचं निम्मं काम तिथंच झालेलं असतं.

माझी नायिका दक्षिण गोव्यातल्या बेतुलच्या एका रापणकाराची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या कोळ्याची, मुलगी. खोल समुद्रातल्या माशांच्या शरीरात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. पाण्याच्या प्रचंड दाबाखाली प्रथिनांची घडी विस्कटू नये, हे त्याचं काम. मासा जितक्या खोलीतला, तितका हा पदार्थ जास्त. मासा मेला की जीवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि बाजारात आपण नाक मुरडतो तो हाच वास. इथपर्यंत खरं विज्ञान. पुढचं माझं: पाणबुड्या कवचाशिवाय तळाशी जाता यावं म्हणून या मुलीच्या शरीरात तो पदार्थ वाढवतात, आणि जमिनीवर आली की तिच्या घामाला मासळीचा वास येतो.

हे सुचलं तेव्हा शीर्षक बदलायचा विचार मी सोडला. महाभारतात पराशर त्या कोळ्याच्या पोरीचा वास घालवून तिला योजनगंधा करतो. माझ्या कथेत डॉक्टर तिला तेच देऊ करतात: वास जाईल, पण समुद्रही जाईल. ती नको म्हणते. हा नकार ‘खोल’ किंवा ‘तळ’ अशा नावाखाली मिळमिळीत झाला असता. मूळ गोष्ट वाचकाच्या डोक्यात आधीच वाजत असते, म्हणून तर तो टोचतो. नुसती लोकांची नजर वळावी म्हणून ते नाव लावलं असतं, तर मावशीचा टोमणा मला मुकाट्यानं गिळावा लागला असता.

कथा मी तिला वाचून दाखवली. गाण्यांचा विषय तिनं काढला नाही. शेवटचं पान संपलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “मागीर? तिका घरांत घेतली?”

मी तिला पाण्यात सोडून मोकळा झालो होतो. बेतुलच्या घरात जेवायला बसल्यावर तिच्याशेजारचा पाट कोण ओढून घेतो, हे मी लिहिलंच नव्हतं. त्या रात्री ते पान फाडलं आणि पुन्हा लिहायला बसलो. नाव तेवढं तेच ठेवलं.

नमस्कार.