पाकीट लॉकरमध्ये, पाय पाण्यात

नमस्कार सोलापूरकर मंडळी, जेवणं झाली ना? आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील हे आपलं काम नाही, पण जरा थांबा, पाच-दहा मिनिटं ऐका आणि मग ठरवा. विषय आहे ऑल इन्क्लुझिव्ह बीच रिसॉर्ट. म्हणजे समुद्राकाठी राहायचं, आणि खोली, तीन वेळचं जेवण, मधलं खाणं, चहा-कॉफी, ज्यूस, ज्यांना लागतात त्यांची ड्रिंक्स, पाण्यात मासे बघायचा तो चष्मा आणि नळी, सगळं एकदाच भरलेल्या पैशात धरलेलं. जाहिरातीत बघाल तर नवीन लग्न झालेली जोडपीच दिसतात, पण माझं मत विचाराल तर ही सोय त्यांच्यापेक्षा आपल्यासारख्या घरांना जास्त कामाची आहे, जिथं सासू-सासरे आहेत, लेकरं आहेत, आणि ट्रिपला गेलं तरी घरातलं एक माणूस कायम हिशोबात आणि एक माणूस कायम वाढण्यात अडकलेलं असतं.

आपल्या ट्रिपा आठवून बघा की. हॉटेलात मेनूकार्ड आलं की मोठी माणसं आधी उजवीकडचा रकाना वाचतात, मग म्हणतात मला एवढी भूक नाही, मी तुझ्यातलंच थोडं घेते. शहाळं पाच माणसांत दोन. पोराने आईस्क्रीम मागितलं की आधी त्याच्या बापाच्या चेहऱ्याकडे बघायचं. हे कंजूषपणातून होत नाही हो, आयुष्यभर काटकसर करून घर उभं केलेल्या माणसांचा हात असा पटकन सुटत नाही. पैसे आधीच भरून झालेले असले ना की तो हात सुटतो, मी हे आमच्या घरात बघितलंय.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९५० मध्ये जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियमच्या माणसाने, हा वॉटर पोलो खेळणारा होता, स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून सुट्टीचं गाव वसवलं, क्लब मेड त्याचं नाव. नुकतंच महायुद्ध संपलेलं, लोक थकलेले, हातात पैसा कमी, त्यांना एका रकमेत समुद्र, जेवण आणि खेळ. पुढे त्या क्लबात बारमधल्या ड्रिंकचे पैसे वेगळे असायचे आणि पोहण्याच्या कपड्यांना खिसा कुठला, म्हणून लोक मण्यांची माळ घालून फिरायचे आणि एकेक मणी काढून द्यायचे. आज तुमच्या मनगटावर बँड बांधतात तो त्याच वंशातला समजा.

आम्ही गेलो मालदीवला. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली की सकाळी मुंबई, तिथून मालदीवची राजधानी माले विमानाने तीन तासांच्या आसपास, आणि भारतीयांना व्हिसा तिथं उतरल्यावर फुकट मिळतो. निघायच्या आधी ९६ तासांच्या आत एक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो तेवढा विसरू नका, आणि सामानात दारूची बाटली, डुकराचं मांस आणि पूजेची मूर्ती न्यायला बंदी आहे, आपल्याकडे बरेचजण पर्समध्ये छोटा गणपती ठेवतात म्हणून मुद्दाम सांगतेय, मूर्ती घरीच ठेवा. बाकी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आमच्या आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, डब्यात भरून घेतली होती, ती विमानतळावर कुणी अडवली नाही.

तिथं एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिलं सुरू झालं तेव्हापासून ही पद्धत आहे. म्हणजे बाहेर पडून कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव खाऊन येऊ असं नाहीच, चारी बाजूंनी पाणी. म्हणूनच ऑल इन्क्लुझिव्हला तिथं खरा अर्थ आहे. खोली स्वस्तात घेतली आणि जेवण तिथं गेल्यावर बघू म्हणालात तर एकेका जेवणाचं बिल डॉलरमध्ये येतं, आणि पुन्हा तोच उजवीकडचा रकाना सुरू.

आता आमच्या मामांचं सांगते, सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा इथं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे, होते, उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलंय. रिसॉर्टवर पूलच्या कडेला टॉवेलचं काउंटर असतं, कार्ड दिलं की गुंडाळलेला मोठा टॉवेल देतात. आम्ही सगळे टॉवेल खांद्यावर टाकून पाण्याकडे निघालो आणि मामा तिथंच उभे. त्यांनी टॉवेल उलगडला, तळहातावर तोलला, काठ दोन बोटांत धरून चोळला, उलटा करून बघितला, मग एक लूप, म्हणजे वर उठलेला धाग्याचा वळसा, नखाने हळूच ओढून सोडला. म्हणाले, "सहाशेच्या आसपास जीएसएम असंल, लूप डबल धाग्याचाय, बीमला ताण एकसारखा ठेवलाय बघ." जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम वजन, आणि टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात, एका बीमवरून जमीन विणली जाते आणि दुसऱ्या ढिल्या बीमवरून लूप उठतात, हे आमच्या घरात पोरांनासुद्धा माहीत आहे. काउंटरवरचा पोरगा केरळचा होता, त्याला मामांनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं की हे धुता कसे, क्लोरीनने लूप कडक होतात का, तो पोरगा काउंटरच्या बाहेर आला आणि दोघं अर्धा तास टॉवेलवर बोलत बसले. लेबल धुऊन धुऊन कोरं झालेलं, त्यामुळे तो विणला कुठे ते कळलं नाही. पण मामांनी तो टॉवेल शेवटच्या दिवसापर्यंत वाळूवर अंथरला नाही, खुर्चीवर घडी करून ठेवायचे. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला दोन्हींना जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, आहे, हॉटेलवाले टॉवेल वजनावर आणि लूपवर निवडतात, आणि ज्यांनी ते विणले त्यांच्यातला एखादा त्या खुर्चीवर बसलेला मी बघितला, मला त्याचं फार बरं वाटलं.

आत्यांना जमायला थोडा वेळ लागला. पहिल्या जेवणाला त्या सगळ्यांची ताटं भरेपर्यंत मागे उभ्या, कुणाला काय पाहिजे बघत, मग वेटरने खुर्ची ओढून दिली तरी बसेनात, आणि बसल्यावर मुलाला हळूच, "किती व्हतंय रे बिल?" नंतर एके दुपारी मी बघितलं तर आत्या झाडाखालच्या आरामखुर्चीत पाय लांब करून, पदर तोंडावर घेऊन गाढ झोपलेल्या. भर दुपारी, उघड्यावर, परक्या माणसांत. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना दुपारी झोपलेलं बघितलेलं नव्हतं, कारण दुपारी धुणं असतं, निवडण असतं, नळाला पाणी यायची वेळ असते. एवढ्यासाठीसुद्धा मी ते पैसे पुन्हा भरेन.

बरं, आता पैशाचं नीट ऐका, इथंच लोक फसतात. ओळखीतल्या एका कुटुंबाला एजंटने ऑल इन्क्लुझिव्ह म्हणून पॅकेज विकलं आणि माले विमानतळावर उतरल्यावर कळलं की बेटापर्यंत न्यायचे पैसे त्यात नव्हतेच. माणशी आणि डॉलरमध्ये. म्हणून पहिला प्रश्न ट्रान्सफरचा विचारायचा, स्पीडबोट की सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, धरलंय की नाही, जाऊन-येऊन की एकाच बाजूचं. सीप्लेन फक्त उजेडात उडतं, तुमचं विमान संध्याकाळी उतरणार असेल तर ती रात्र मालेजवळ काढावी लागते आणि त्या हॉटेलचा खर्च वेगळा, बॅगेचं वजनपण त्यात मोजून घेतात.

मग टॅक्स. रेटच्या पुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की समजायचं टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज अजून लागायचाय. सर्व्हिस चार्ज १० टक्के, त्याच्यावर जुलै २०२५ पासून १७ टक्के तिथला जीएसटी, म्हणजे १०० डॉलर दिसले की देताना १२८ डॉलर ७० सेंट. त्याशिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टवर जानेवारी २०२५ पासून माणशी रोज १२ डॉलर, दोन वर्षांखालचं लेकरू सोडून. पाच माणसं चार रात्री राहिली की नुसता हाच २४० डॉलर होतो, तेव्हा एजंटला सांगायचं की सगळे टॅक्स घालून एकच आकडा रुपयात दे, आणि लिहून दे, फोनवर नको. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स, कापतात त्याची पावती जपून ठेवा, रिटर्न भरताना तो जमा धरता येतो.

आणि बेटावर गेल्यावर काय धरलेलं नसतं? स्पा नसतो, जेट स्की वगैरे मोटरवाले खेळ बहुतेक ठिकाणी नसतात, डॉल्फिन बघायची बोट कुठे असते कुठे नसते, मेन बुफे सोडून बाकीच्या रेस्टॉरंटला कधी जादा पैसे पडतात, मिनी बार रोज भरणार की एकदाच हेपण विचारा. शाकाहारी माणूस असेल तर भारतीय जेवण रोज असतं का हे मेल करून आधीच विचारून घ्या, आत्यांसाठी आम्ही विचारलं होतं, त्यामुळे वरण-भात आणि गरम चपाती मिळाली. लहान लेकरं असतील तर पाण्यावरची खोली घेऊ नका, फोटोत कितीही सुंदर दिसली तरी, तिच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात आणि आईला रात्रभर डोळा लागत नाही. वाळूवरची खोली घ्या.

पाण्याबद्दल एक बोलायचंय, ते मला फार लागलं. मालदीव म्हणजे समुद्रातून जेमतेम वर आलेली सपाट बेटं, सगळ्यात उंच नैसर्गिक जागासुद्धा अडीच मीटरच्या आत. तिथं नदी नाही, धरण नाही. रिसॉर्टवाले समुद्राचं पाणी मशीनमधून गोडं करतात, त्याला वीज लागते, विजेला डिझेल लागतं, आणि डिझेलपासून कांद्या-बटाट्यापर्यंत सगळं बोटीने येतं. आपण उजनी धरणावर जगणारी माणसं, काही दिवसांआड नळाला पाणी येतं तेव्हा घागरी-बादल्या-पिंप भरून ठेवणारी, आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. आणि तिथंच बुफेवर लोक ताट भरून घेतात, दोन घास खातात आणि सोडून जातात, पैसे भरलेत म्हणून. मला ते बघवत नाही. पैसे भरले ते सुखाने बसायला भरले, अन्न टाकायला नाही, आणि भरलेली रक्कम खाऊन वसूल करायच्या नादात लोक दुसऱ्या दिवशी पोट धरून खोलीत पडतात आणि ज्याच्यासाठी आले तो समुद्र राहतोच.

समुद्राची पण आपल्याला सवय नाही. विहिरीत, तलावात पोहलेला माणूस म्हणतो मला येतं पोहता, पण बेटाभोवतीचं उथळ पाणी जिथं संपतं तिथं प्रवाळाची कड असते आणि त्या कडेपलीकडे एकदम खोल, शिवाय ओढ. लाइफ जॅकेट घाला, मोठ्यांनीसुद्धा, आणि ड्रिंक घेऊन पाण्यात अजिबात उतरू नका, फुकट आहे म्हणून तर नाहीच. जेटीच्या खाली हातभर लांबीची शार्कची पिल्लं फिरत असतात, काळ्या टोकाचे पंख असलेली, त्यांना घाबरू नका आणि त्रासही देऊ नका. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकायचा नाही, तो गुन्हा आहे.

ज्यांना फिरायची हौस आहे, सकाळी देऊळ, दुपारी किल्ला, संध्याकाळी बाजार, त्यांनी मात्र हा प्रकार घेऊ नये असं माझं म्हणणं. मालवणला जाऊन सिंधुदुर्ग बघायचाय, तारकर्लीला बोटीत बसायचंय, गोव्यात मंगेशीला जायचंय, तर दिवसभर बाहेरच असणार, मग रिसॉर्टच्या जेवणाचे पैसे कशाला भरायचे? तिथं सीपी प्लॅन घ्या, म्हणजे खोली आणि नाश्ता. नाश्ता आणि एक जेवण हवं तर एमएपी, तिन्ही त्रिकाळ हवं तर एपी. कोकणात तर घरगुती जेवणाची सोय असलेली घरं आहेत, सोलकढी आणि तांदळाची भाकरी, त्याला तोड नाही. शिवाय २०२५ मध्ये आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना घेऊन रात्रभराचा रस्ता करायची तेवढी गरज राहिली नाही.

मालदीवला जायचं तर जानेवारी ते एप्रिल हवा कोरडी असते, पण जानेवारीत आपली गड्ड्याची यात्रा, तेव्हा सिद्धेश्वरांना सोडून कोण कुठं जाणार, आणि मे महिन्यात तिकडे पावसाला सुरुवात झालेली असते. म्हणून लेकरांची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच निघा. मोठ्या माणसांचे पासपोर्ट आतापासून करायला टाका, त्यांच्या जन्मतारखेच्या कागदांना आणि नावातल्या स्पेलिंगला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आमच्या आत्यांच्या आधार कार्डावर एक नाव आणि रेशन कार्डावर दुसरं होतं, ते जुळवण्यातच दोन-तीन महिने गेले. चला, येते मी, नमस्कार.