पाठीवर किती, फोटोत किती

(बेळगावातील ट्रेकिंगप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, माझी पहिली कॅमेऱ्याची बॅग मी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली होती. भरली साडेसहा किलो. पाणी आणि डबा वेगळाच. दुकानदार म्हणाला, "एवढ्यात अर्धा महिना तांदूळ येतो की हो!" ती बॅग घेऊन पहाटे राजहंसगड चढलो. येळ्ळूरच्या बाजूनं चढ काही फार नाही, पण वर पोचेपर्यंत सूर्य हातभर वर आलेला. ज्या उजेडासाठी गेलो, तो वाटेतच संपला.

बरं, त्या बॅगेत सगळ्यात जड काय होतं? वाइड लेन्स, म्हणजे एका फोटोत खूप रुंद दृश्य बसवणारी. आणि आपल्याकडं तीच सगळ्यात कमी कामाची, असं माझं मत आहे. भांडायचं असेल तर चहाच्या वेळी भांडा. आपले डोंगर हिमालयासारखे अंगावर येत नाहीत. गडावरून खाली पाहिलं की भातखाचरं, मध्येच एखादं तळं, लांब निळसर रांग. वाइडमध्ये त्या रांगेची पेन्सिलची रेघ होते आणि उरलेल्या फोटोत नुसतं आभाळ.

आता माझ्याकडं एक लहान मिररलेस बॉडी, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, आणि ५० एमएमची एफ १.८ (म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी) लेन्स असते. लेन्सचं वजन दोनशे ग्रॅमच्या आत. एपीएस-सी सेन्सरवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, ती साधारण ७५ एमएमसारखी बघते, म्हणजे लांबची रांग जवळ ओढते. रुंद फोटो हवाच असेल तर कॅमेरा उभा धरून पाच-सहा फ्रेम घ्यायच्या, प्रत्येकीत मागच्या फ्रेमचा तिसरा हिस्सा यायला हवा. घरी येऊन जोडायच्या.

ट्रायपॉडही सोडला. त्याऐवजी कापडाची रिकामी पिशवी नेतो, वर गेल्यावर तिच्यात जांभ्याचे खडे भरतो आणि कॅमेरा तिच्यावर टेकवतो. खाली उतरताना खडे तिथंच. ओढ्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर एक अष्टमांश सेकंदाच्या सोळा फ्रेम घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढायची. पाण्यापुरता परिणाम शटर दोन सेकंद उघडं ठेवल्यासारखा येतो, उजेड कमी करणारी काळी एनडी काच लागत नाही. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक कापणारा फिल्टर, मात्र सोडू नका. पावसाळ्यात ओल्या पानांवरची पांढरी चमक तोच घालवतो, आणि ती नंतर संगणकावर नीट जात नाही.

एक फजिती सांगतो. जुलैत कणकुंबीला गेलो होतो. मलप्रभेचा उगम तिथला, ती पूर्वेला कृष्णेकडं जाते. आणि त्याच मुलखातून म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. पुढं चोर्ला घाटाच्या वळणावर एसी गाडीतून उतरलो, कॅमेरा काढला आणि लेन्सची काच पांढरीफट्ट! शर्टानं पुसली, परत धूसर. गार काचेवर दमट हवेतलं पाणी जमणारच, पुसून काय उपयोग? वीस मिनिटं नुसता उभा राहिलो आणि दरीतलं धुकं समोरून निघून गेलं. तेव्हापासून घाटाच्या अलीकडंच एसी बंद करून गाडीच्या काचा खाली घेतो, आणि कॅमेरा बाहेरच्या हवेइतका कोमट होईपर्यंत प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवतो.

मोबाईल चालेल का, असं मागून कुणीतरी विचारलं. चालेल की. फक्त त्यातही झूमची वेगळी लेन्स असली तर ती वापरा.

आता तेवढा दिवा घालवा कुणीतरी. राजहंसगडाचे सहा फोटो दाखवतो. पहिला त्या साडेसहा किलोच्या दिवसाचा आहे, हसलात तरी चालेल.