उताणं झालं म्हणून वाचलं

नमस्कार श्रोतेहो. आज एका विमानाविषयी. नाव झ्लिन ट्रेनर. चेकोस्लोव्हाकियातल्या मोरावियात, ओत्रोकोवित्से गावच्या कारखान्यातलं. १९४७ साली पहिल्यांदा उडालं. एकामागं एक दोन आसनं, काम शिकाऊ पोरांना उडायला शिकवायचं. पण कसरतीत इतकं तरबेज, की १९६० साली ब्रातिस्लाव्हात पहिली जागतिक हवाई कसरत स्पर्धा झाली, ती लादिस्लाव बेझाकनं ट्रेनरवरच जिंकली. शिकवणीचं यंत्र तेच, जगज्जेतं यंत्र तेच! आमच्याकडे क्लासची पेटी निराळी, मैफलीची निराळी. मला हे कधी पटलं नाही. असो.

आता माझा लाडका किस्सा. ३ जून १९७०, इंग्लंडमधलं हलव्हिंग्टन. पुढच्याच महिन्यात तिथं जागतिक स्पर्धा, म्हणून ब्रिटिश वैमानिक नील विल्यम्स सराव करतोय. विमान झ्लिन अक्रोबॅट, म्हणजे ट्रेनरचंच एक आसनी भावंड. त्यानं विमान वर खेचलं आणि धाडकन आवाज! डावा पंख वर मुडपायला लागला. पंखाला आतून पेलणाऱ्या तुळईची खालची बाजू मुळाशी तुटली होती. तार पुन्हा पुन्हा वाकवली की काय होतं, ते तुम्ही जाणताच. खालची बाजू तुटली, बरं का. खालची. वरची शाबूत.

जमीन झपाट्यानं जवळ येतेय. तेवढ्यात नीलला ऐकलेलं आठवलं. एका बल्गेरियन वैमानिकाच्या झ्लिनचा पंख उलटं उडताना निखळला होता आणि विमान सुलट होताच जागेवर बसला होता. नीलनं त्याच्या नेमकं उलट केलं. विमान उताणं केलं. पुन्हा धाड! पंख जागेवर. विमान उलटं, तर पंखावरचा भारही उलटा.

एवढ्यात इंजिन गप्प! आपटायच्या तयारीत त्यानंच इंधनाचा कॉक बंद केला होता. उघडला, इंजिन सुरू. डोकं खाली, पाय वर, अशा अवस्थेत तो मैदानावर आला, अगदी टेकायच्या बेतात गर्रकन सुलटा झाला. पंख मुडपला, विमान घासत गेलं. आणि नील चालत बाहेर आला!

बेझाकची गोष्ट राहिलीच की. १९७१ साली त्यानं बायको आणि चार मुलांना त्या दोन आसनी ट्रेनरमध्ये कोंबलं आणि सीमा ओलांडून पश्चिम जर्मनी गाठली. ती पुढच्या खेपेला.