शकुंतलेच्या मागे सायकल

(मेलबर्नमधल्या आपल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण. वेबसाइटसाठी थोडी काटछाट केली आहे. वऱ्हाडी बोली जशीच्या तशी ठेवली आहे.)

नमस्कार मंडळी.

माझी ओळख करून देताना आत्ता सांगितलं गेलं की मी विदर्भाच्या मातीतून संघर्ष करून वर आलो. ते ऐकून मला घाम फुटला. म्हणजे घाम तसा सगळ्यांनाच फुटलाय. बाहेर चाळीस डिग्री आहे, आणि संक्रांतीला तिळगूळ पातळ होतो तो मेलबर्नमध्येच. पुण्याची मंडळी कार्यक्रमपत्रिकेने वारा घेताहेत. आम्हा यवतमाळवाल्यांना या उन्हात माहेरी आल्यासारखं वाटतं.

पण संघर्ष वगैरे काही नाही हो. मी १९८७ साली बारावीत नापास झालो, घरून पळालो आणि सात वर्षं उंडारलो. आमच्याकडे अशा पोट्ट्याले उंडगा म्हणतात. विदर्भ म्हटलं की तुमचे चेहरे शोकसभेतल्यासारखे होतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो: आमच्याकडे दुष्काळ आहे, कापसाचे हाल आहेत, सगळं आहे, पण नुसते रिकामटेकडेही आहेत. त्यांच्या वतीने मी बोलतोय.

'माझी जडणघडण' असा विषय मला दिला होता. चार पानं लिहून आणलीत, खिशात आहेत. पण तीन आठवड्यांपूर्वी घरात भांडण झालं आणि त्या पानांत काही राम उरला नाही.

झालं असं. डिसेंबरात मुलीचा बारावीचा निकाल लागला. आकडा सांगत नाही. सांगायची गरजही नाही, कारण पाऊण तासाच्या आत आपल्या ग्रुपवर कुणीतरी मला 'काळजी करू नका' असा मेसेज टाकला होता. आपल्याकडे नव्याण्णव आले की पेढे, आणि पंचाहत्तर आले की घरात कुणी आजारी असल्यासारखी चौकशी. असो. अ‍ॅडमिशन तिला मिळाली. त्यावर ती म्हणाली, "मी एक वर्ष थांबतेय. मैत्रिणीबरोबर मिलड्युराला जाते, संत्री तोडायला. मग पुढे बघू."

मी म्हणालो, "पुढे बघू म्हणजे? उंडारायला चाललीस?"

आवाज चढला असणार, कारण बायकोने खिडकी लावून घेतली. मी शिस्त, भविष्य, व्हिसासाठी आम्ही काय खस्ता खाल्ल्या, सगळं काढलं. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या सगळ्या गोष्टी त्या सात वर्षांतल्या आहेत. नंतरची एकही नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. नंतरची एखादी गोष्ट आठवत पडलो. एकदा सिंगापूरला माझी बॅग हरवली होती. पण ती मिळाली. झाली गोष्ट.

खरंच, पॉटलकला, म्हणजे आपापला डबा आणून सगळे एकत्र जेवतो तेव्हा, तुम्ही मला आग्रह करकरून काय सांगायला लावता? शकुंतला, आमची छोट्या लाईनची रेल्वेगाडी. तर ऐकाच पुन्हा.

आमचं गाव दारव्ह्याजवळ. यवतमाळ-मूर्तिजापूर लाईनवरची शकुंतला ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती कशी चालायची ते सांगायला नको. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला एप्रिल १९९४पर्यंत होतं. वाटेत फाटक आलं की गाडी थांबवून उतरायचं, फाटक लावायचं, गाडी पुढे न्यायची, पुन्हा उतरून फाटक उघडायचं. सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही, पण सकाळी बसलेला माणूस दुपारपर्यंत गाडीतच. घरून पळून जायला मी ही गाडी निवडली. यावरून बारावीत का नापास झालो ते कळेल.

पहाटे कुणाला न सांगता निघालो. गाडी सुटली, मी दारात उभा, मोठा तीर मारल्यासारखी छाती. पंधरा-वीस मिनिटांनी पाहतो तर रुळांच्या कडेच्या पायवाटेने दादा सायकल हाणत येतोय. गाडीच्या पुढेही गेला असता, पण त्याने वेग कमी केला. कॅरियरवरची चादर काढून माझ्याकडे फेकली. ओरडला, "हे इसरला तू! अन् पोचल्यावर कारट टाकजो, माय वाट पाह्यते!" कारट म्हणजे पोस्टकार्ड. डब्यातली माणसं हसून बेजार. चादर उलगडली तर आत चाळीस रुपये आणि दशम्या.

इथे मी नेहमी थांबतो, तुम्ही हसता, आणि मग जेवणाची पानं घेतली जातात.

पुढचं उंडारणंही तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. मूर्तिजापुरात मोठी लाईन, तिथून बिनतिकीट गोंदिया, तिथून पुन्हा छोट्या लाईनने वडसा. कुणीतरी सांगितलं होतं की वडशाला नाटक कंपन्यांत माणसं लागतात. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात, मंडया म्हणजे जत्रा भरतात, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. रात्री दहाला पडदा उघडतो आणि कोंबडं आरवेपर्यंत खेळ. थंडीत माणसं तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, घोंगड्या पांघरून बसतात, पोरं तिथेच झोपतात, आणि गाणं लागलं की झोपलेली पोरंसुद्धा उठतात. मी पडदे ओढायचो, दिवे लावायचो, सामानाच्या ट्रकवर झोपायचो. एका रात्री हवालदाराचं काम करणारा आला नाही, तर मला उभं केलं. वाक्य एकच: "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, साहेब!" मी म्हणालो, "म्या माह्या डोयानं पाह्यलं!" पुढच्या रांगेतून ओरडा आला, "डोया नाई बे, डोरा म्हन, डोरा!" वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो, झाडीत 'र'. विंगेत मालक 'ळ' म्हणायला लावतोय, समोर प्रेक्षक 'र' म्हणायला लावताहेत, मी मधे लटकलेलो. माझी रंगभूमीची सेवा तिथे संपली.

यावरून एक बोलून घेतो, रागावू नका. आपल्या रविवारच्या वर्गात मुलांकडून 'ळ' घोटून घेतात. घ्यावा. पण माझी पोरगी सात वर्षांची असताना आजीकडून शिकलेलं 'कायजी नोको करू' म्हणाली, तेव्हा सगळ्यांसमोर तिला 'काळजी' असं तीन वेळा म्हणायला लावलं. त्यानंतर ती आजीशी फोनवर इंग्रजीतच बोलायला लागली. आजीला इंग्रजी येत नव्हतं. दोघी नुसत्या हसायच्या एकमेकींना. माय गेली तोपर्यंत तसंच चाललं. शिकवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मला माहीत आहे.

कुठे होतो? वडसा. उन्हाळा लागला की नाटकं बंद, मग गडचिरोलीत तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे बिडीची पानं गोळा करायच्या केंद्रावर, गेलो. सत्तर पानांचा एक पुडा. लोक भल्या पहाटे जंगलात जायचे, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर आणायचे. मी मोजून वहीत लिहायचो. दोन सीझन केले, दुसऱ्यात मलेरिया झाला. मग वरुडहून संत्र्याच्या ट्रकवर क्लीनर. खोक्यांत तणस, तणसात संत्री, संत्र्यांवर मी. दिल्लीपर्यंत. ड्रायव्हरने एकदा मथुरेच्या अलीकडे मला विसरून ट्रक पुढे नेला, ती गोष्ट वेगळी. मग भिलाईत ठेकेदाराकडे हेल्पर. तिथे वेल्डिंग शिकलो. त्याच वेल्डिंगने मस्कत दाखवलं आणि पुढे हा देश. ते सगळं दोन ओळींत संपतं. पोरगी म्हणते ते खरंच आहे.

बाप माझा माळकरी नव्हता, पण गाडगेबाबांना त्याने लहानपणी कीर्तनात पाहिलं होतं. दीड-दोन वर्षांनी एकदा मी घरी डोकावलो, तेव्हा तो वखराला तेल लावत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "गाडगेबाबा घर सोडून गेले त हाती झाडू अन् गाडगं होतं. तू काय घेऊन फिरू रायला?" मी म्हणालो, "चादर." त्याला हसू आलं नाही. त्यानंतर नाशकात गाडगेबाबांच्या धर्मशाळेत चार रात्री काढल्या, तेव्हा मात्र बापाचं ते वाक्य पाठीला टोचत होतं. बाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या पोटासाठी, औषधासाठी, देवासाठी घर सोडून आलेल्यांकरता. माझ्यासारख्याकरता नसाव्यात. पण तिथे कुणी मला हुसकलं नाही.

आता ते, जे मी पॉटलकला सांगत नाही.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. अकोल्याला कृषी विद्यापीठात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिला. मी पळालो तेव्हा तो सुट्टीत घरी आला होता. नऊ एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. बापाचा गुडघा गेलेला. कापूस तेव्हा सरकारी खरेदीच्या फेडरेशनलाच घालावा लागायचा, बैलबंडी घेऊन केंद्रावर दोन-दोन रात्री नंबर लावायचा आणि चुकाऱ्यासाठी, म्हणजे पैशांसाठी, पुन्हा चकरा. घरात एक तरणा गडी हवाच होता. आम्हा दोघांत ठरलं होतं की मी राहायचं आणि त्याने शिकायचं. तोंडी ठरलं होतं, बापासमोर. आणि मी शकुंतलेत बसलो.

दादा अकोल्याला परत गेला नाही.

हे मला त्याने सांगितलं नाही. पंधरा वर्षांनी वहिनी एकदा सहज बोलून गेल्या, अंबाडीची भाजी निवडता निवडता. "ते पुस्तकं हायेत अजून माळ्यावर." म्हणजे सायकलीवरून चादर फेकणारा तो पोरगा त्या वेळी काय फेकत होता, ते मला ठाऊक नव्हतं. त्याला मात्र ठाऊक होतं. थांबवू शकला असता. गाडीच तशी होती, हात धरून सहज उतरवता आलं असतं. त्याने वेग कमी केला.

तर भांडणानंतर चार दिवसांनी मी पोरीला बसवलं आणि हे सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. माझा डाव असा की तिला कळावं, एक उंडारतो तेव्हा दुसऱ्याला खुंट्याला बांधून घ्यावं लागतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं. मग म्हणाली, "पण बाबा, इथे शेत नाहीये. माझ्या ऐवजी कोण थांबणार आहे? मग तुम्ही मला कशासाठी थांबवताय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "चहा घेशील?"

तुमच्यापैकी बरेच जण मनातल्या मनात उत्तर तयार करताय, दिसतंय मला. काळ बदललाय, एकटी मुलगी, रस्ते, माणसं. सगळं मी बोलून झालोय तिच्याशी. आपण मोठे गमतीचे लोक आहोत. दुसऱ्याच्या आमराईत कैऱ्या कशा पाडल्या, एसटीच्या टपावर बसून जत्रेला कसे गेलो, होळीला कुणाची लाकडं चोरली, हे पोरांना रंगवून सांगतो. आणि त्याच पोरांच्या मोबाईलवर ती कुठल्या चौकात आहेत ते दर दहा मिनिटांनी बघतो. मीही बघतो. आत्ता बोलायला उभं राहण्याआधी बघितलं. ती घरी आहे.

दादाला फोन केला. म्हटलं, पोरगी संत्री तोडायला जातो म्हणते. तो खूप हसला. त्याच्या स्वतःच्या पोराला इंजिनिअरिंग करून पुण्याला जाऊन आठ वर्षं झाली. शेत आता बटईने दिलंय, शकुंतलाही बंद पडलीय, रुळांत बाभळी आल्यात. म्हणाला, "वरुडचं संत्र गोड का तिकडचं, ते पाहून सांगजो म्हणा तिले." मी म्हटलं, दादा, मी गंभीर आहे, काय करू? थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "पैसे देजो. कारट टाकाले सांगजो." मी विचारलं, "तुले कधी माह्या राग नाही आला?" तर म्हणाला, "आला नं. आता त्याचं काय करतं," आणि बैलाला पाणी दाखवायचं म्हणून फोन ठेवला. बैल त्याने पाच वर्षांपूर्वीच विकलेत.

तर मंडळी, एवढ्यावर मी अडकलोय. ती अठ्ठावीस तारखेला निघणार आहे. मिलड्युरा साडेपाचशे किलोमीटर. मैत्रिणीची गाडी जुनी, ती गेला आठवडाभर आमच्याच ड्राइव्हवेत उभी आहे. परवा रात्री मी टॉर्च घेऊन टायर बघितले. मागचे दोन्ही गुळगुळीत झालेत. पोरींच्या ते लक्षात आलेलं नाही. नवे टाकून द्यावेत, की गाडी जाण्यालायक नाही म्हणून सांगून महिनाभर ढकलावं, हे काही माझं ठरत नाही. टायरवाल्याला भाव मात्र विचारून ठेवलाय.

ती चार पानं खिशातच राहिली. बाहेर टेबलावर तिळगूळ आहे, पार पाघळायच्या आत घ्या.