रिसेप्शनला रेंज, खोलीत भिरभिरं

[दृश्य: बेळगाव–चोर्ला रस्ता. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधूनमधून रिसॉर्टच्या पाट्या.]

बेळगाव सोडून चोर्ल्याच्या वाटेला लागलं आणि जांभोटी मागे पडली, की रस्त्याकडेला पाट्या दिसायला लागतात. स्विमिंग पूल, रेन डान्स, चुलीवरची गावरान कोंबडी, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, फ्री वायफाय.

खानापूर तालुक्याचा हा पश्चिमेचा पट्टा. डाव्या हाताला भीमगड अभयारण्य, पुढे मलप्रभेचा उगम असलेलं कणकुंबी, आणि घाट उतरला की गोवा. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याच्या, बेंगळुरूच्या, पणजीच्या गाड्या इकडं वळतात. पूर्वी ही माणसं फोन बंद ठेवायला यायची. 2020च्या टाळेबंदीनंतर त्यांच्या बॅगेत स्विमिंगच्या कपड्यांशेजारी ऑफिसचा लॅपटॉपही आला. रविवारी परतायचं ते सोमवारी दुपारी परतू लागले. सकाळची मीटिंग कॉटेजमधून करायची आणि मग निघायचं.

ती मीटिंग सुरू होते आणि पडद्यावर गोल भिरभिरं फिरायला लागतं. रिसेप्शनवरचा मुलगा अदबीनं सांगतो, "साहेब, रूममध्ये जरा कमी येतंय. इथं सोफ्यावर बसा की, इथं फुल्ल आहे."

तो खोटं बोलत नाही. सगळा घोळ त्या सोफ्यापासून तुमच्या कॉटेजपर्यंतच्या अंतरात आहे.

[दृश्य: विजेच्या खांबांवरून गेलेली काळी केबल. पुढे झाडीत शिरते.]

नेट इथवर येतं ते बहुतेक ठिकाणी खांबांवरून लोंबत आलेल्या फायबरमधून. अभयारण्याच्या हद्दीत रस्त्याकडेला चर खणायचा तरी वनखात्याची परवानगी लागते, म्हणून केबलवाले खांबांचा रस्ता धरतात. खांबावरच्या केबलवर फांदी पडते, माकडं लोंबकळतात, रस्ता रुंद करताना जेसीबीचा हात लागतो. जिथं फायबर पोचलेलं नाही तिथं टेकडीवर छोटी डिश लावून हवेतून लाइन आणतात. भारतात 2018 साली 5 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या बऱ्याच रेडिओ लहरी विनापरवाना वापरायला मोकळ्या झाल्या, त्याचा फायदा अशा लहान पुरवठादारांनी घेतला. फक्त दोन डिशांनी एकमेकींना स्वच्छ पाहायला हवं. उन्हाळ्यात दिसणारी समोरची डिश जूनमध्ये पालवलेल्या, भिजलेल्या झाडांमागे जाते, आणि पाण्यानं भरलेली पानं या लहरी शोषून घेतात. लाइन बंद पडत नाही, अशक्त होते. मालकाला वाटतं, कंपनीनं स्पीड कमी केला.

तरीही रिसेप्शनपर्यंत बऱ्यापैकी नेट येतं, हे मान्य करू. समजा मालकानं 100 एमबीपीएसची लाइन घेतली आहे. ऐकायला मोठा आकडा. हे सेकंदाचे मेगाबिट आहेत. फाइल आपण मेगाबाइटमध्ये मोजतो, म्हणून आठानं भागायचं. सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उरतात. वीस खोल्या, खोलीत दोन माणसं, माणशी एक फोन, त्यात कुणाचा लॅपटॉप, कुणाच्या मुलांचा टॅब. तरी 100 पुरतील? खरं तर पुरतात. झूमवर चांगल्या प्रतीच्या चित्राला साधारण 1.2 एमबीपीएस लागतात, नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी 5 सांगतं. सगळेच एका क्षणी सगळं ओढत नाहीत. त्यामुळे "आम्ही मोठा प्लॅन घेतलाय" हे मालकाचं उत्तर खरं असूनही बिनकामाचं असतं.

[दृश्य: कॉटेजची भिंत जवळून. कॅमेरा हळूहळू वर, छताकडे.]

ही भिंत बघा. पाहुण्यांना 'गावाकडचं घर' हवं असतं म्हणून दीड-दोन फूट जाडीची दगडी किंवा मातीची भिंत उभी केलेली. वर खानापूरची कौलं. खानापूर विटा-कौलांसाठी पूर्वीपासून नावाजलेलं, त्यामुळे हे शोभतंही. पण पाऊस गळू नये म्हणून कौलांखाली पत्रा टाकलेला असतो. लाकडातून, पातळ विटेतून वायफायची लहर जाते. जाड दगडात ती बरीच मरते, ओल्या मातीत आणखी मरते, आणि पत्र्यावरून सरळ परत फिरते. बाहेर झाडाखाली लावलेल्या राउटरसाठी तुमची खोली म्हणजे झाकण लावलेला पत्र्याचा डबा.

वायफायच्या दोन जुन्या वाटा आहेत, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्‌झ. पहिली हळू, पण लांब जाते आणि भिंत थोडीफार ओलांडते. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानते. कॉटेजमध्ये तुमचा फोन बहुधा पहिलीवरच लटकलेला असतो. तिच्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल, म्हणजे लहरींच्या गल्ल्या, तीनच, 1, 6 आणि 11. रिसॉर्टमधले आठ राउटर कारखान्यातून आले तसेच एकाच चॅनेलवर बसवले असतील तर ते एकमेकांवर ओरडत राहतात.

मालक म्हणतो, रिपीटर लावूया, म्हणजे सिग्नल पकडून पुढं फेकणारा डबा. हा आमच्याकडचा सगळ्यात लाडका उपाय, आणि माझ्या मते सगळ्यात फसवा. साधा रिपीटर ज्या रेडिओनं ऐकतो त्याच रेडिओनं पुढं सांगतो. ऐकताना त्याला बोलता येत नाही. म्हणून वेग जवळजवळ अर्धा होतो. एका रिपीटरला दुसरा जोडला की त्याच्याही निम्मा. फोनवर मात्र वायफायचे दांडे पूर्ण दिसतात, कारण ते दांडे तुमच्या आणि रिपीटरच्या नात्याचे आहेत. रिपीटर आणि रिसेप्शनचं काय चाललंय ते दाखवणारा दांडा नाही.

आणखी एक गंमत. वायफायवर सगळे आळीपाळीनं बोलतात. पूलच्या पलीकडे, सिग्नलच्या काठावर उभा असलेला एकच फोन फार हळू बोलतो, आणि त्याचं संपेपर्यंत राउटरजवळचे सगळे ताटकळतात. एका माणसाच्या हट्टानं सगळ्यांचा वेग पडतो.

[दृश्य: रात्र. कॉटेजच्या खिडक्यांमध्ये दिवे.]

रात्री साडेनऊ-दहाला खरी परीक्षा. दिवसभर लोक वज्रपोहा धबधबा, घाटातलं धुकं, जेवणाची ताटं यांचे फोटो काढत फिरलेले असतात. वाटेत नेट नव्हतं. आता फोन वायफायला लागतो, चार्जिंगला लागतो, आणि कुणालाही न विचारता दिवसभराचे व्हिडिओ वर चढवायला लागतो. चाळीस फोन एकदम. त्यात रिसॉर्टचे सीसीटीव्ही कॅमेरे चोवीस तास चित्र बाहेर पाठवणारे. सगळी गर्दी अपलोडला, आणि कुणी अपलोड बघतच नाही. स्पीड टेस्टमध्ये पहिला मोठा आकडा डाउनलोडचा, तोच दाखवून "बघा, येतंय की" म्हणतात. राउटरमध्ये मात्र बाहेर जाणाऱ्या पाकिटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, रांग वाढत जाते आणि त्या रांगेत तुमचा आवाजही उभा असतो. पिंग, म्हणजे पाकीट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, 30 मिलिसेकंदांवरून शेकड्यांत जातो. सिनेमा मजेत चालतो, तो आधीच साठवून ठेवता येतो. संवाद साठवता येत नाही, म्हणून कॉल तुटतो.

याला नवा प्लॅन लागत नाही. राउटरमध्ये प्रत्येक फोनला मर्यादा घालायची आणि बोलण्याच्या पाकिटांना पुढं जाऊ द्यायचं, एवढीच सोय लागते. बऱ्याच बऱ्या राउटरमध्ये ती असते. चालू करणारा माणूस नसतो.

पक्का उपाय कंटाळवाणा आहे, तो म्हणजे वायर ओढणं. प्रत्येक कॉटेजपर्यंत वायर, आत छोटा राउटर. इथंही एक चूक सर्रास होते. रिसेप्शनच्या स्विचमधून, म्हणजे नेटच्या वायरी वाटणाऱ्या पेटीतून, तांब्याची लॅन केबल जमिनीतून नेतात. तिची मर्यादा 100 मीटर, आणि कॉटेज तर एकांतासाठी मुद्दाम लांब लांब बांधलेली. शिवाय वळवाची वीज कडाडली की तांब्यातून झटका येतो आणि एका रात्रीत स्विचची पोर्टं जळून जातात. फायबर म्हणजे काच. त्यातून ना वीज वाहते, ना शंभर मीटरची अडचण. मुख्य लाइन फायबरची आणि आवारात तांबं, हा उलटा हिशेब पूल बांधायला लाखो रुपये घालणारा मालक का करतो, हे मला कळलेलं नाही.

[दृश्य: पाऊस. जनरेटर सुरू होण्याचा आवाज.]

कणकुंबी म्हणजे जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस झेलणाऱ्या गावांपैकी एक. जुलैत लाइट जाणं नवलाचं नाही. जनरेटर मिनिटभरात लागतो, पण तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि मीटिंगमधून तुम्ही बाहेर. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला तर हे टळतं.

मग मोबाइल डेटा? इथं सीमा आडवी येते. मोबाइल कंपन्यांचे परवान्याचे विभाग, म्हणजे सर्कल, वेगळे. बेळगाव जिल्हा कर्नाटक सर्कलमध्ये, तर घाटाखालचा गोवा आणि वरचा चंदगड तालुका महाराष्ट्र सर्कलमध्ये. लहरींचा लिलाव सर्कलनुसार होतो, त्यामुळे एकाच कंपनीकडे हद्दीच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या लहरी असू शकतात. डोंगराच्या कडेवर फोन कधी इकडच्या टॉवरला धरतो, कधी तिकडच्या लांबच्या टॉवरला चिकटून बसतो. चोर्ल्याला 'गोव्यात स्वागत' असा मेसेज येतो तेव्हा तुम्ही अजून कर्नाटकात भजी खात असता. रोमिंगचे पैसे आता लागत नाहीत, तेवढं बरं. खोलीतलं वायफाय ठीक असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग सुरू ठेवा. टॉवर नसला तरी घरचा फोन लागेल.

उपग्रहाचं विचारणारेही भेटतात. जुने उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर, जाऊन-येऊन अर्धा सेकंद लागतो. बोलताना दोघं एकदम बोलतात. स्टारलिंक या उपग्रहावरून नेट देणाऱ्या कंपनीचे उपग्रह साधारण पाच-साडेपाचशे किलोमीटरवर, आणि भारतात तिला 2025च्या जूनमध्ये परवाना मिळाला. पण त्या डिशला मोकळं आभाळ लागतं, आणि इथली माणसं खोली घेतात ती झाडीसाठी.

तेव्हा बुकिंगच्या फोनवर "वायफाय आहे का?" असं विचारू नका. आहेच म्हणतील. मिळणाऱ्या खोलीचा नंबर विचारा, आणि शनिवारी रात्री दहाला त्याच खोलीत, दार लावून केलेल्या स्पीड टेस्टचा फोटो मागा. त्यात अपलोड आणि पिंग दिसायला हवेत. राउटर खोलीत आहे की बाहेर, तेही विचारा. फोटो आला तर बिनधास्त जा. टाळाटाळ झाली आणि सकाळी नऊची मीटिंग चुकवण्यासारखी नसेल, तर ती रात्र बेळगावात काढा, मीटिंग उरका आणि मग जांभोटीची वाट धरा. रस्ता तासाभराचा आहे, जेवणाला आरामात पोचाल.