भाजलेला सोडा आणि घरचा बेगल

(रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आपल्या भागात घरी पाव भाजणारी माणसं आता बरीच झाली आहेत. ज्यांचे हात पावावर बसले, ते पुढे बेगलकडे वळतात आणि तिथे सगळेच एका शब्दापाशी अडतात. कृतीत लिहिलेलं असतं ‘लाय’. म्हणजे कॉस्टिक सोडा, तुंबलेली मोरी मोकळी करायला आणि साबण करायला वापरतात तोच. मग मला विचारणा होते, ‘ताई, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आणू का?’ माझं उत्तर आधीच देऊन टाकते. आणू नका. फळीवर खायचा सोडा आहे ना, तो भाजून घ्या. आजचं सगळं बोलणं त्या भाजण्याबद्दल आहे, कारण ते नीट समजलं तर कॉस्टिकची आठवणसुद्धा येणार नाही.

ज्यांनी बेगल खाल्लेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा मधे भोक असलेला, चिवट आणि चकचकीत पाव. पोलंडमधल्या ज्यू समाजाचा. क्राकूव्हच्या १६१० सालच्या नोंदीत त्याचा उल्लेख आहे, आणि तिथून निघालेली माणसं तो अमेरिकेला घेऊन गेली. कड्यासारखा पाव आपल्याला अगदीच परका नाही. गोव्याचं काकण सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांनी चहात बुडवून खाल्लेलं असतं. पण काकण कोरडं, कुरकुरीत. बेगल दाताखाली ताणतो. त्याचं कारण असं, की तो भट्टीत जाण्याआधी उकळत्या पाण्यात जातो.

हे उकळणं काय करतं ते पाहा. गव्हातलं पिष्ट साधारण साठ अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतं आणि त्याची खळ होते. बेगल उकळत्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट राहिला की ही खळ फक्त वरच्या थरात होते आणि त्याची एक कातडी धरते. ओव्हनमध्ये गेल्यावर आतला पाव फुगू पाहतो, कातडी त्याला फार फुगू देत नाही. म्हणून आतला गर दाट राहतो. चकाकीही त्या खळीचीच.

आता रंग. पाव तांबूस होतो तो प्रथिनं आणि साखर यांच्या एकमेकांवरच्या क्रियेमुळे. लुई कामी मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. ही क्रिया आंबट पदार्थात रेंगाळते आणि खारात, म्हणजे अल्कलीत, धावते. पावाच्या पृष्ठभागावर खार असेल तर तेवढ्याच उष्णतेत रंग जास्त गडद येतो आणि त्याबरोबर भाजल्याचा खमंग वासही येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. कॉस्टिकचं पाणी मुळात जर्मन प्रेट्झेलचं, म्हणजे गाठीसारखा वळलेल्या खारट पावाचं. बेगलच्या जुन्या बेकऱ्यांत पाण्यात बहुधा मॉल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचं, सिरप घालतात, कॅनडातल्या माँट्रियलला मध घालतात. मग आपण खाराच्या मागे का लागायचं? कारण आपली साधनं वेगळी आहेत. त्या बेकऱ्यांची भट्टी घरच्या ओटीजीपेक्षा कितीतरी जास्त तापते. आपल्या ओव्हनमध्ये बेगल आतून शिजून कोरडा पडायला लागतो तरी वरून फिकाच असतो. ही कसर खार भरून काढतो.

मग खार कोणता? सामू, म्हणजे पीएच, पाहू. तो जितका जास्त, तितका खार तीव्र. साध्या खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू सव्वाआठच्या आसपास असतो. प्रेट्झेलसाठी वापरतात त्या तीन टक्के कॉस्टिकच्या पाण्याचा चौदाच्या जवळ. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम भाजलेला सोडा घातला तर साडेअकराच्या आसपास. सामूची एक पायरी म्हणजे दहापट, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. म्हणजे साध्या सोड्यापासून भाजलेल्या सोड्यापर्यंत आपण हजारपटीहून जास्त वर चढलो आणि कॉस्टिकच्या बऱ्याच खाली थांबलो. मला हीच जागा योग्य वाटते. प्रेट्झेलचा तो काळपट तांबडा रंग आणि खास चव हवी असेल तर कॉस्टिकशी बरोबरी होत नाही, हे मान्य. पण बेगलला तो रंग मुळात नकोच आहे.

शिवाय ज्या घरात लहान मुलं फिरतात त्या घरात कॉस्टिकची बाटली ठेवणं मला पटत नाही. एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पाण्यात टाकलं की ते स्वतःच पाणी तापवतं आणि उसळतं. आणि दुकानात मोरीसाठी जे मिळतं ते खाण्याच्या शुद्धतेचं नसतंच.

आता भाजण्याकडे येते. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं, ती इथे चालत नाही. बायकार्बोनेट तापवलं की त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि मागे सोडियम कार्बोनेट राहतं. ही क्रिया शंभर अंशांच्या खालीच हळूहळू सुरू होते. आपण ओव्हन १३० ते १५० अंशांवर ठेवायचा, स्टीलच्या थाळीत सोडा बोटाच्या पेरापेक्षा पातळ पसरायचा आणि तासभर ठेवायचा. मधे एकदा उलथन्याने वरखाली करायचा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची स्टीलची कढई आणि मंद आच. हे एकदा तरी डोळ्यांनी बघा. पूड तापली की तिच्यावर छोटे छोटे खड्डे पडायला लागतात, त्यातून वाफेचे फुत्कार निघतात. मग सगळी पूडच पातळ झाल्यासारखी हलते. कढई जरा तिरकी केली तर ती पाण्यासारखी वाहत कडेला जाते, झाऱ्याला जोरच लागत नाही. वितळलेलं काही नसतं. खालून निघणारा वायू प्रत्येक कणाला उचलून धरत असतो. थोड्या वेळाने हालचाल मंदावते, फुत्कार थांबतात, आणि पूड पुन्हा जड, कोरडी होऊन जागच्या जागी बसते. ती बसली की समजायचं, वायू संपला. तरी आणखी पाच-दहा मिनिटं ठेवा. तोंड कढईवर धरू नका. ही पूड नाकात, घशात झोंबते.

झालं की नाही याची खरी खात्री वजनकाट्यावर. हिशेब असा, की १६८ ग्रॅम सोड्यातून ६२ ग्रॅम उडून जातात आणि १०६ उरतात. म्हणजे शंभर ग्रॅमचे त्रेसष्ट. दोनशे ग्रॅम घातला असेल तर १२६ वर काटा यायला हवा. १४० दाखवत असेल तर सोडा अजून कच्चा आहे, परत ओव्हनमध्ये. मला या पदार्थातली ही गोष्ट फार आवडते: अंदाजाचं काम नाही, ‘रंग बदलेपर्यंत’ नाही, कारण रंग बदलतच नाही. पांढरं ते पांढरंच राहतं.

काटा नसेल तर हळद. थोडी हळद पाण्यात कालवून कागदाला फासा आणि वाळवा. साध्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला तर जेमतेम नारिंगी छटा येते. भाजलेल्या सोड्याचा थेंब पडला की त्या जागी लगेच विटकरी तांबडा डाग उमटतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, त्यामागेही हाच रंगबदल आहे.

साठवण्याचं मात्र कोकणात जपावं लागतं. हे कार्बोनेट हवेतलं पाणी ओढतं. पाण्याचा एक रेणू धरून ठेवला तरी १०६ चे १२४ होतात. श्रावणात वाटी उघडी ठेवलीत तर सकाळी गुठळ्या झालेल्या असतात, आणि मग तुमच्या दहा ग्रॅममध्ये सोडा किती आणि ओल किती हे सांगता येत नाही. म्हणून गार झाला की लगेच काचेच्या कोरड्या बरणीत, घट्ट झाकणाखाली. आणि बरणीवर ठळक अक्षरात लिहा. पिठीसाखर आणि मीठ यांच्या शेजारी ही बरणी ठेवायची नाही. सरदावला तर फेकू नका, पुन्हा तासभर भाजला की ओल निघून जाते.

भांडं स्टीलचं. हे मी दोनदा सांगते, कारण आपल्याकडे मोठा टोप म्हटला की अ‍ॅल्युमिनियमचा. खाराचं पाणी अ‍ॅल्युमिनियमला खातं, भांडं काळं पडतं आणि ते अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरतं. ओव्हनचा पत्राही अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर उकडलेले बेगल थेट त्यावर ठेवू नका, खाली बेकिंगचा कागद घाला आणि त्यावर रवा भुरभुरवा, म्हणजे चिकटत नाहीत. पाण्याचंही पाहा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, त्यात काही अडचण येत नाही. जड पाण्यात सोडा टाकला की ते दुधट होतं. तो खाली बसणारा चुना असतो. असं पाणी निवळून घ्या.

पिठाचं पटकन सांगते, कारण ते तुम्हाला येतं. अर्धा किलो मैदा, २८० मिलिलिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ, पाच ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. आपला मैदा जरा हलका, म्हणून वीस-पंचवीस ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, घातलं तर चिवटपणा येतो. पीठ घट्ट लागतं, दहा-बारा मिनिटं रेटून तिंबायचं. मॉल्ट आपल्याकडे सहज मिळत नाही, पण नाचणी आहे! मोड आणून, सावलीत वाळवून, न भाजता दळलेली नाचणी चमचाभर घाला. मोड आलेल्या नाचणीत पिष्टाची साखर करणारी विकरं भरपूर असतात. भाजलीत तर ती मरतात. बेगल वळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, कारण आपल्या उकाड्यात बाहेर ते बघता बघता फुगून सैल पडतात.

सकाळी लिटरला दहा ग्रॅम या हिशेबाने सोडा उकळत्या पाण्यात सावकाश सोडायचा. चमचाभर काकवी घातलीत तर उत्तम. बेगल एका बाजूने तीस-चाळीस सेकंद, उलटून तेवढेच. झाऱ्याने काढा, पाणी पूर्ण निथळू द्या, ओल्यावरच तीळ लावा आणि २२० अंशांवर अठरा ते बावीस मिनिटं भाजा. चव साबणासारखी लागली तर सोडा जास्त झाला किंवा पाणी निथळलं नाही, दोन्हींपैकी एक. ओल्या हाताने पूड उचलू नका, चमचा वापरा. डोळ्यात उडाला तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. ओट्यावर सांडला तर कोकमाचं साल चोळून पुसलं तरी चालतं, पण अंगावर सांडलेल्यावर आंबट काही लावायचं नाही, फक्त पाणी.

काही प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर आले आहेत. पहिला, पापडखार चालेल का? आपल्या आयांनी उडदाच्या पापडात आणि मिरगुंडात तो वर्षानुवर्षं घातला आहे, आणि तोही सोड्याच्याच घराण्यातला खार आहे. चालेल, पण प्रत्येक दुकानाच्या पापडखारात कार्बोनेट किती आणि बायकार्बोनेट किती हे सारखं नसतं. मोजून काम करायचं तर स्वतः भाजलेला सोडा बरा.

दुसरा, धुण्याचा सोडा तेच रसायन आहे ना, मग भाजायचा खटाटोप कशाला? रसायन तेच, पण ते कपड्यांसाठी भरलेलं असतं, त्यात बाकी काय आहे याची हमी कोणी देत नाही. खाण्यात घालू नका.

तिसरा, चुन्याची निवळी. प्रश्न चांगला आहे, कारण निवळीचा सामू साडेबाराच्या आसपास, आपल्या सोड्याहूनही वर. पण चुना पाण्यात विरघळतो अगदी थोडा, लिटरला दोन ग्रॅमही नाही, आणि पाणी तापलं की आणखी कमी. उकळत्या निवळीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पांढरी साय धरते, तीच बेगलवर बसते. कोहळ्याच्या पेठ्याला निवळी उत्तम, कारण तिथे फोडी गार पाण्यात मुरतात.

आणि राखेचं पाणी विचारलंय. नारळाच्या सोडणाच्या राखेत पोटॅशियमचा खार भरपूर असतो, त्यामुळे तत्त्वतः जमतं. पण चुलीत काय काय जळलं यावर राख ठरते. चुलीत प्लास्टिकची एक पिशवीही जात असेल तर ती राख भांडी घासायलाच ठेवा.

शेवटची चिठ्ठी, उरलेलं पाणी कुठे ओतायचं? अळवाच्या किंवा मिरचीच्या आळ्यात नको, सोडियम मातीला आणि मुळांना बाधतं. मासे तळलेली स्टीलची कढई असेल तर हे पाणी गरम असतानाच तिच्यात ओता आणि अर्धा तास ठेवा. तेलाचा चिकट थर सुटून येतो. मग भरपूर पाण्याबरोबर मोरीत.