कपाळावरची पट्टी आणि भुलेची खोली

शस्त्रक्रियागृहातील पडद्यावर नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन यांच्या शेजारी अलीकडे आणखी एक आकडा दिसू लागला आहे. रुग्णाच्या कपाळावर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडच्या पट्टीतून मेंदूलहरी टिपून, त्याला दिलेली भूल किती खोल आहे याचा अंदाज हा आकडा देतो. मात्र थर्मामीटरने ताप मोजावा तशी माणसाची शुद्ध थेट मोजता येत नाही, आणि प्रत्येक यंत्राचे गणितही वेगळे असते.

सर्वांत परिचित यंत्र बिस, म्हणजे बायस्पेक्ट्रल इंडेक्स. अमेरिकेत त्याला 1996 मध्ये मान्यता मिळाली. पूर्ण जाग्या माणसाचा आकडा शंभराच्या जवळ असतो, तर शस्त्रक्रियेच्या वेळी तो 40 ते 60 यांच्या दरम्यान ठेवला जातो. जर्मनीत हानोफर येथे विकसित झालेले नार्कोट्रेंड भुलेचे ए ते एफ असे टप्पे पाडते. एन्ट्रॉपी यंत्र लहरींमधील अनियमितता मोजून दोन आकडे देते: पहिला 32 हर्ट्झपर्यंतच्या, म्हणजे मुख्यतः मेंदूच्या लहरींवर आधारलेला असतो, तर दुसरा 47 हर्ट्झपर्यंत जाऊन कपाळाच्या स्नायूंची विद्युत हालचालही जमेस धरतो. स्नायूंचा वाटा असा उघडपणे दाखवणारी ही पद्धत आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते.

बिसच्या आकड्यात स्नायूंचा हा वाटा किती मोठा असू शकतो, ते 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून स्पष्ट झाले. दहा स्वयंसेवकांना भुलेचे कोणतेही औषध न देता फक्त स्नायू शिथिल करणारी औषधे देण्यात आली. एका हातापर्यंत औषध पोहोचू दिले नव्हते, त्यामुळे ते त्या हाताने खूण करू शकत होते. माणसे पूर्ण शुद्धीवर होती, तरीही बिसचा आकडा घसरला आणि एका वेळी तर 44 पर्यंत खाली आला. शस्त्रक्रियेस योग्य समजली जाणारी पातळी जागेपणीच गाठली गेली होती.

शस्त्रक्रियेदरम्यान जाग येण्याचा धोका या यंत्रांमुळे कमी होतो का, या प्रश्नाला मोठ्या चाचण्यांनी एकच उत्तर दिलेले नाही. अधिक धोका असलेल्या 2,463 रुग्णांवरील 2004 च्या चाचणीत, नेहमीच्या पद्धतीने भूल दिलेल्या गटात अशा 11 घटना घडल्या आणि बिस वापरलेल्या गटात 2. पुढे 2008 मध्ये बिसची तुलना उच्छ्वासातील भुलेच्या वायूचे प्रमाण पाहून भूल देण्याच्या पद्धतीशी झाली, तेव्हा दोन्ही गटांत प्रत्येकी 2 घटना आढळल्या. सुमारे सहा हजार रुग्णांवरील 2011 च्या चाचणीतही बिस सरस ठरले नाही.

मात्र भूल केवळ शिरेतून दिली जाते, तेव्हा उच्छ्वासात मोजण्यासारखा वायूच नसतो. तेथे मेंदूलहरींचा आधार खरोखर मोलाचा ठरतो, आणि ब्रिटनमध्ये उपचार व उपकरणे पारखणाऱ्या नाइस या संस्थेने 2012 मध्ये या तिन्ही यंत्रांना अशा रुग्णांसाठी पर्याय म्हणून मान्यता दिली. अशा भुलेत केटामाइन हे भुलेचेच आणखी एक औषध मिसळले, तर भूल खोल होत असतानाच बिसचा आकडा उलट वर चढू शकतो; त्या वेळी औषध वाढवण्यापूर्वी भूलतज्ज्ञाला आकड्याशेजारी धावणारी मूळ लहर वाचावी लागते.